विश्लेषण : घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर जळगावहून उडायचे, तर आराखडा कशात आखावा?

यावलपासून जळगावचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे 24 किलोमीटरवर आहे. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण चालते, शिरपूरला वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने 2021 मध्ये नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील जे 5 विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्या जोडीने जळगावही होते. त्यामुळे वैमानिक होण्याचे स्वप्न खान्देशातल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे. त्याची पहिली पायरी बहुतेक घरांत एकच असते, ती म्हणजे संगणकावरचा फ्लाइट सिम्युलेटर. विमान उडवता येऊ लागले की पुढचा प्रश्न येतो तो जायचे कुठून, किती उंचीवरून आणि किती इंधन घेऊन याचा. हे ठरवून देणारी डझनभर साधने आहेत. काही फुकट आहेत, काहींना दरमहा पैसे पडतात. निवड चुकली तर पैसे जातातच, शिवाय शिकायचे तेही राहून जाते.

उड्डाण आराखडा म्हणजे नेमके काय?

सिम्युलेटरच्या पडद्यावर दोन विमानतळांमध्ये जांभळट रेषा उमटली की आराखडा झाला, असा समज असतो. ती रेषा हा आराखड्याचा सर्वांत सोपा भाग आहे. खऱ्या आराखड्यात मार्गातील खुणा, प्रत्येक टप्प्याची दिशा आणि अंतर, उड्डाणाची उंची, वाऱ्याचा परिणाम, लागणारा वेळ, इंधन, विमानाचे वजन आणि ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर जायचा पर्यायी विमानतळ, एवढे सगळे येते.

उड्डाणाचे दोन प्रकार इथे लक्षात घ्यावे लागतात. एकात वैमानिक जमिनीकडे पाहून, नद्या, रस्ते, डोंगर ओळखत जातो. याला व्हीएफआर म्हणतात. दुसऱ्यात उपकरणांच्या आधारे, आखून दिलेल्या हवाई मार्गांवरून जातो, तो आयएफआर. शिकाऊ वैमानिकाचे चार आसनी सेस्ना पहिल्या प्रकारात उडते, जळगावला येणारे एटीआर दुसऱ्या प्रकारात. दोहोंचे आराखडे इतके वेगळे असतात की एकाच साधनाने दोन्ही कामे सारखीच चांगली होत नाहीत. निवडीचा निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

यावलवरून इंदूर : कागदावर कसे दिसते?

साधन निवडण्याआधी एक उड्डाण हाताने मांडून पाहणे उपयोगाचे ठरते. जळगाव ते इंदूर घ्या. सरळ अंतर सुमारे 106 नॉटिकल मैल, म्हणजे 196 किलोमीटर. दिशा उत्तरेपासून जेमतेम 5 अंश पूर्वेकडे. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या भागात एक अंशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असल्याने नवशिक्याला तो त्रासही नाही. पूर्वेकडच्या निम्म्या दिशांना जाताना व्हीएफआर उड्डाणासाठी विषम हजार अधिक 500 अशी उंची घेतात, म्हणून जाताना 5,500 फूट. परतताना दिशा 185 अंश होते, म्हणून 4,500 किंवा 6,500.

सेस्ना 172 चा वेग 110 नॉट धरला, तर वारा नसताना 58 मिनिटे लागतात. पाचेक मिनिटांत तापी ओलांडली जाते. सातव्या मिनिटाला यावल उजव्या हाताला, सुमारे 3 नॉटिकल मैलांवर दिसले पाहिजे. हवा स्वच्छ असेल तर त्याच बाजूला लांबवर भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राच्या चिमण्या. मग सातपुडा. तो उतरला की निमाडचे मैदान, अठ्ठाविसाव्या मिनिटाच्या सुमारास डावीकडे खरगोन, चाळिसाव्या मिनिटाला मंडलेश्वरच्या पूर्वेला नर्मदा आणि त्यानंतर विंध्याचा कडा चढून माळव्याचे पठार. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून 1,850 फुटांवर आहे, जळगावचा सुमारे 840 फुटांवर. म्हणजे उतरायची जागा निघालेल्या जागेपेक्षा हजार फूट उंच.

आता यात पश्चिमेचा 20 नॉटचा वारा घाला. पावसाळ्यात तो काही जगावेगळा नाही. विमानाचे नाक 5 अंशांवरच धरून ठेवले, तर 58 मिनिटांनी विमान इंदूरच्या सुमारे 19 नॉटिकल मैल, म्हणजे 35 किलोमीटर पूर्वेला असेल. मार्गावर राहायचे तर नाक डावीकडे 10 अंशांहून किंचित जास्त वळवून 355 च्या आसपास धरावे लागते. आणि ही चूक इंदूरला पोहोचल्यावरच कळते असेही नाही. सातव्या मिनिटाला विमान दोन-सव्वादोन मैल पूर्वेला सरकलेले असते, म्हणजे यावल उजवीकडे 3 मैलांवर दिसण्याऐवजी जवळजवळ पायाखाली येते. गाव पायाखाली आले, तर वाऱ्याचा हिशेब चुकला.

घरच्या सिम्युलेटरसाठी आराखड्याचे साधन निवडताना पहिली कसोटी हीच असावी. यावल कुठे दिसायला हवे, किती वाजता आणि त्या वेळी नाक कुठल्या अंशावर असावे, हे ते सांगते का? नुसती रेषा दाखवणारे साधन हे सांगत नाही. वैमानिक त्या रेषेवर डोळे लावून बसतो आणि खाली तापी आली की गिरणा, हे त्याने पाहिलेलेच नसते.

सिम्युलेटरमधली सोय पुरत नाही का?

सुरुवातीला पुरते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर ऑगस्ट 2020 मध्ये आला, त्याची पुढची आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये. पहिल्या आवृत्तीतल्या जागतिक नकाशावर निघण्याचे आणि उतरण्याचे ठिकाण निवडले, उड्डाणाचा प्रकार ठरवला की मार्ग तयार होतो. 2024 च्या आवृत्तीत आराखडा ब्राउझरमध्येही आखता येतो आणि विमानाच्या कॉकपिटमध्ये टॅबलेटसारखा पडदा मिळतो. एक्स-प्लेन 12 मध्येही साधी सोय आहे. ज्याला रविवारी तासभर सातपुड्यावरून फेरफटका मारायचा आहे, त्याने दुसरे काही बसवण्याची गरज नाही.

अडचण पुढे येते. पहिल्या आवृत्तीतला अंगभूत आराखडा इंधनाचा सविस्तर हिशेब मांडत नाही, पर्यायी विमानतळाचा विचार करत नाही आणि हवाई मार्ग निवडताना कधी कधी असे वळसे घेतो की खरा वैमानिक हसेल. धावपट्टी विमानाला पुरेल का, याचीही तो फारशी चौकशी करत नाही. जळगावची धावपट्टी सुमारे 1,700 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद आहे, एटीआरसाठी योग्य. सिम्युलेटर मात्र तिथे मोठे जेट उतरवायलाही मनाई करत नाही.

लिटल नॅव्हमॅप कुणासाठी?

जमिनीकडे पाहून उडणाऱ्यासाठी, आणि म्हणून प्रशिक्षणाची वाट पाहणाऱ्यासाठीही. हा संगणकावर बसवायचा प्रोग्रॅम पूर्णपणे मोफत आणि मुक्तस्रोत आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. मायक्रोसॉफ्टचे जुने-नवे सिम्युलेटर, प्रीपार थ्रीडी आणि एक्स-प्लेन यांच्याशी जोडला जातो.

त्याचे मोठे बळ असे की तो सिम्युलेटरमध्ये प्रत्यक्ष असलेला डेटा वाचतो. म्हणजे नकाशावर जी धावपट्टी दिसते तीच पडद्यावर भेटते. खान्देशासारख्या भागात याचे मोल जास्त आहे, कारण मुंबई-दिल्लीचे विमानतळ सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी बारकाईने केलेले असतात; लहान धावपट्ट्या मात्र कधी असतात, कधी नसतात, कधी चुकीच्या लांबीच्या असतात.

दुसरे बळ म्हणजे खालच्या बाजूला दिसणारा भूभागाचा छेद. जळगाव-इंदूर रेषा आखली की तापीचे सपाट खोरे, मग सातपुड्याचा उंचवटा, निमाडची बशी आणि शेवटी विंध्याची पायरी असा सगळा आडवा आलेख उमटतो आणि विमानाची उंची त्यावर रेषेने दिसते. 5,500 फूट का, याचे उत्तर डोळ्यांना मिळते. या आलेखासाठी जमिनीच्या उंचीचा डेटा एकदाच उतरवून ठेवता येतो. गावाकडे इंटरनेट मध्येच गेले तरी काम अडत नाही.

वारा स्वतः भरता येतो किंवा अंदाजावरून घेता येतो, आणि प्रत्येक टप्प्याची दिशा, वेळ, इंधन यांचा तक्ता मिळतो. विमानाचा वेग आणि इंधनखर्च मात्र आपण भरायचा. हे काहींना कटकटीचे वाटते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने तोच फायदा आहे, कारण सेस्ना तासाला साडेआठ गॅलनच्या आसपास पेट्रोल पिते हे एकदा हाताने भरले की लक्षात राहते. इंदूरच्या 58 मिनिटांना सव्वाआठ गॅलन, समोरून 15 नॉटचा वारा आला तर वेळ 67 मिनिटे आणि इंधन साडेनऊ गॅलन. त्यावर चढाईचे आणि धावपट्टीपर्यंत जाण्याचे थोडे, पर्यायी विमानतळाचे, शिवाय 45 मिनिटांचे राखीव. सेस्ना 172 एस मध्ये वापरता येण्याजोगे 53 गॅलन मावतात, म्हणजे प्रश्न टाकीच्या आकाराचा कमी आणि वजनाचा जास्त.

तोटा असा की पडदा पहिल्यांदा उघडला की चिन्हांची जत्रा दिसते. पहिले दोन दिवस बहुतेक थर बंद ठेवून, फक्त विमानतळ आणि मार्ग एवढेच चालू ठेवलेले बरे. संगणक जुना असेल तर तो दुसऱ्या लॅपटॉपवर चालवून घरच्या वायफायने सिम्युलेटरशी जोडता येतो.

मग सिमब्रीफचे एवढे नाव कशामुळे?

कारण विमान कंपनीचा डिस्पॅचर जो कागद वैमानिकाच्या हातात देतो, जवळपास तसाच कागद सिमब्रीफ फुकट तयार करून देते. काहीही बसवावे लागत नाही, ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवरही चालते. आता ही सेवा नॅव्हिग्राफ या स्वीडिश कंपनीकडे आहे. विमान, निघण्याचे ठिकाण, पोहोचण्याचे ठिकाण आणि वेळ भरली की मार्ग, उंची, वाऱ्याचा अंदाज, हवामानाचे अहवाल, वैमानिकांसाठीच्या सूचना, वजने आणि इंधनाची फोड असा अनेक पानी आराखडा मिळतो. सिम्युलेटरच्या फायलीही तयार मिळतात. मायक्रोसॉफ्टसाठी पीएलएन, एक्स-प्लेनसाठी एफएमएस.

खान्देशच्या वाचकासाठी यातले सर्वांत ओळखीचे विमान म्हणजे एटीआर 72. जळगावचा विमानतळ 2012 मध्ये, जळगावच्याच कन्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना सुरू झाला. डिसेंबर 2017 मध्ये ‘उडान’ योजनेतून मुंबईची सेवा आली, ती टिकली नाही. 2024 पासून ‘फ्लाय 91’ एटीआर 72 विमानांनी इथे येऊ लागली. सिम्युलेटरसाठी एटीआर 72-600 उपलब्ध आहे आणि सिमब्रीफमध्ये त्याची माहिती तयार आहे.

पुणे ते जळगाव या उड्डाणात हा कागद काय शिकवतो? सरळ अंतर सुमारे 172 नॉटिकल मैल, वेळ पाऊण तासाच्या आसपास. स्थूल हिशेबाने प्रवासाचे इंधन 600 किलो, त्यावर 5 टक्के आकस्मिक, जळगावला उतरता आले नाही तर 67 नॉटिकल मैलांवरच्या छत्रपती संभाजीनगरला जाण्यासाठी पावणेतीनशे किलो, शेवटचे राखीव 30 मिनिटांचे सुमारे 300 किलो आणि जमिनीवरचे थोडे. एकूण सव्वा टन. घरचा वैमानिक बहुधा काय करतो? टाकी पूर्ण भरतो. एटीआर 72-600 च्या टाकीत सुमारे 5 टन मावतात. रिकामे विमान साडेतेरा टनांच्या आसपास, 70 प्रवासी सामानासह साडेसहा टनांहून जास्त. बेरीज 25 टनांच्या पुढे जाते आणि उड्डाणाची कमाल मर्यादा 23 टन आहे. विमान धावपट्टीवरच मर्यादेपेक्षा 2 टन जड झालेले असते आणि मग ‘सिम्युलेटरमध्ये एटीआर नीट चढत नाही’ अशी तक्रार होते.

सिमब्रीफची उणी बाजूही हीच. सगळे तयार मिळते. आकडा कुठून आला हे न पाहता तो विमानात भरता येतो, आणि बहुसंख्य लोक तेच करतात. प्रवासी विमानांच्या शौकिनाला याने काही बिघडत नाही. पुढे परवान्याची परीक्षा द्यायची असेल त्याने मात्र इंधनाची फोड आधी कागदावर मांडावी आणि मग सिमब्रीफशी ताळा करावा. सेस्नाने सातपुडा ओलांडण्यासाठी हे साधन वापरणे म्हणजे केळीचा घड तोलायला वजनकाट्यावर ट्रक चढवण्यासारखे आहे.

पैसे नेमके कशाचे द्यावे लागतात?

मुख्यतः ताज्या माहितीचे. हवाई मार्ग, खुणांची नावे, धावपट्ट्यांचे क्रमांक, उतरण्याच्या पद्धती हे जगभर दर 28 दिवसांनी, ठरलेल्या तारखेला बदलतात. या चक्राला एआयआरएसी म्हणतात. साधारणपणे वर्षात अशी 13 चक्रे होतात. 2025 चे पहिले चक्र 2501, ते 23 जानेवारीला लागू झाले. सिमब्रीफ फुकट वापरणाऱ्याला जुन्या चक्राची माहिती मिळते. ताजी हवी असेल तर नॅव्हिग्राफचे सदस्यत्व घ्यावे लागते. त्यात जगभरचे उतरण्याचे नकाशेही येतात. वर्षाचा खर्च काही हजार रुपयांत जातो आणि रक्कम युरोत असल्याने कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात.

हा खर्च कुणी करावा? जो व्हॅटसिम किंवा आयव्हीएओ यांसारख्या जाळ्यांवर उडतो त्याने. तिथे दुसऱ्या टोकाला माणूस हवाई नियंत्रकाच्या भूमिकेत बसलेला असतो, त्याच्याकडे ताजे चक्र असते. आपल्या विमानात दोन वर्षांपूर्वीचे असेल तर त्याने सांगितलेली खूण आपल्या संगणकात सापडतच नाही. जो एकटाच उडतो, त्याच्यासाठी चक्र ताजे असण्यापेक्षा ते सगळीकडे एकच असणे महत्त्वाचे. सिम्युलेटरमध्ये एक चक्र, आराखड्यात दुसरे आणि विमानाच्या संगणकात तिसरे असेल तर मार्ग मध्येच तुटतो. दोष सॉफ्टवेअरचा मानला जातो, मूळ कारण तारखांचे असते.

इंटरनेटवर ‘फुकट ताजा डेटा’ म्हणून फिरणाऱ्या फायलींपासून लांब राहावे. त्या बेकायदा असतातच, त्यांच्यासोबत संगणकात दुसरे काय शिरेल याचाही भरवसा नसतो.

फुकट आणि अधिकृत असा एक स्रोत मात्र फार थोडे लोक वापरतात. भारतीय विमानतळ प्राधिकरण देशाची वैमानिकी माहिती पुस्तिका, म्हणजे ई-एआयपी, इंटरनेटवर खुली ठेवते. धावपट्टीची लांबी, विमानतळाची उंची, उपलब्ध उपकरणे आणि अनेक विमानतळांचे नकाशे त्यात मिळतात. सिम्युलेटरमधले जळगाव आणि पुस्तिकेतले जळगाव शेजारी ठेवून ताळा करणे, ही पंधरा मिनिटांची कसरत पैसे भरण्याआधी करून पाहावी. सिम्युलेटर एखाद्या धावपट्टीवर उतरण्याचे उपकरण दाखवत असेल आणि पुस्तिकेत ते नसेल, तर कुणावर विश्वास ठेवायचा हे सांगायला नको.

बाकीच्या साधनांचे काय?

स्कायव्हेक्टर हे ब्राउझरमधले मोफत साधन झटपट मार्ग पाहायला चांगले, पण त्याचा सविस्तर नकाशांचा खजिना अमेरिकेपुरता आहे. भारतावर तो बराच विरळ होतो. प्लॅन-जी हे जुन्या सिम्युलेटरच्या काळातले, आता नव्याने शिकण्यात अर्थ नाही. पीएफपीएक्स एकेकाळी गंभीर शौकिनांचे आवडते होते, त्याची विक्री थांबली आहे. कुणी जुना परवाना विकत देत असेल तर घेऊ नये. फोरफ्लाइटसारखी खऱ्या वैमानिकांची ॲप महाग आहेत आणि त्यांचा जोर भारतावर नाही.

खान्देशच्या उन्हाचा हिशेब कोण करते?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सिम्युलेटरवाल्याला सहसा पडत नाही, भुसावळ-यावलच्या माणसाला पडायला हवा. हवा तापली की विरळ होते. इंजिनाची ताकद घटते, पंखांची उचल घटते, प्रोपेलरची पकड घटते. विमानाला आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त उंचीवर आहोत असे ‘वाटते’. जळगावचा विमानतळ 840 फुटांवर असला, तरी मे महिन्यात दुपारी तापमान 44 अंशांवर असेल तर विमानाच्या दृष्टीने तो सुमारे 4,500 फुटांवर असतो. महाबळेश्वरच्या उंचीवरून उड्डाण केल्यासारखे. धावपट्टी जास्त लागते, चढाई मंदावते आणि समोर 20-25 मैलांवर सातपुडा उभा असतो.

अंगभूत आराखडा याबद्दल गप्प असतो. लिटल नॅव्हमॅप भूभाग दाखवतो, पण विमानाच्या चढाईचा दर आपण भरलेला तोच धरतो. उन्हाळ्यात तो हाताने कमी करावा लागतो. सिमब्रीफ तापमानाचा अंदाज घेते आणि काही विमानांसाठी धावपट्टीचा हिशेबही देते. लहान विमानासाठी मात्र विमानाच्या पुस्तिकेतला तक्ता उघडण्याला पर्याय नाही. तो तक्ता वाचायला शिकणे हे कुठल्याही सदस्यत्वापेक्षा स्वस्त आहे.

सिम्युलेटरमध्ये हे करून पाहता येते. हवामान ‘प्रत्यक्ष’ वर न ठेवता तापमान 44 अंश करा, सेस्नात चार माणसे आणि पूर्ण टाकी भरा आणि उत्तरेकडे निघा. मग तेच 15 अंशांवर करा. सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचताना दोन्ही वेळची उंची लिहून ठेवा.

सातपुडा हा पडद्यावरचा देखावा नाही, याची आठवण या भागाला आहे. 16 जुलै 2021 रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळले. त्यात प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला आणि शिकाऊ वैमानिक जखमी झाली. चोपडा म्हणजे यावलच्या शेजारचाच तालुका. घरी आखलेल्या आराखड्यावर ‘फक्त सिम्युलेटरसाठी’ अशी ओळ सिमब्रीफ आणि नॅव्हिग्राफ दोघेही छापतात. ती ओळ कायद्याच्या पळवाटेसाठी आहे असे समजून खऱ्या विमानात हे कागद नेणे धोक्याचे आहे. तिथे प्रशिक्षकाने मान्य केलेला आराखडा आणि अधिकृत नकाशे एवढेच चालतात.

घरचे तास परवान्यासाठी धरले जातात का?

नाही. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय 200 तासांचे उड्डाण मागते आणि घरच्या संगणकावरचा एकही तास त्यात मोजला जात नाही. वाढतो तो सराव. परवान्याच्या लेखी परीक्षेत हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि नियम हे स्वतंत्र विषय आहेत. वारा, दिशा, वेळ आणि इंधन यांचे जे त्रैराशिक यावलवरून इंदूरला जाताना मांडावे लागते, तेच तिथे विचारले जाते.

त्याच 200 तासांत एकट्याने केलेला किमान 300 नॉटिकल मैलांचा एक प्रवास असावा लागतो आणि त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबावे लागते. घरी याची रंगीत तालीम करायची तर जळगाव-इंदूर 106, इंदूर-छत्रपती संभाजीनगर 173 आणि तिथून जळगाव 67 असा 346 नॉटिकल मैलांचा त्रिकोण सोयीचा आहे. सातपुडा, विंध्य आणि अजिंठ्याचे डोंगर असे तिन्ही दोनदा. लिटल नॅव्हमॅपमध्ये आखायला अर्धा तास, हाताने तक्ता भरायला एक तास आणि उडायला सव्वातीन तास लागतात. शेवटच्या टप्प्यात अजिंठ्याचा घाट उतरला की जळगाव सपाटीवर असते; तिथे 1,900 फुटांवरच्या पठारावरून 840 फुटांपर्यंत खाली यायला नेमके कधी सुरू करायचे, हा हिशेब तक्त्यात आधीच लिहिलेला असावा.